नवसाचं नाक

"नुसती सर्दी तर आहे," हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा कुणी उच्चारलं, तर त्या माणसाच्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे कोंबून त्याला सातारा स्टँडवरून थेट अजिंक्यताऱ्यावर चालत पाठवायचं, असं मी ठरवून ठेवलं आहे. वर पोचला की विचारायचं, "काय राव, नुसती सर्दी ना?"

मी पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत खुर्ची उबवणारा माणूस. माझ्याकडे बघून कुणाला दया यावी असं काही नाही आणि ती कुणाला येतही नाही. पण आमच्या घरातले फोटो काढून बघा. प्रत्येक फोटोत माझं तोंड उघडं. बारशाचा असो, बढतीच्या सत्काराचा असो, नाहीतर मयताच्या दहाव्याचा असो. लोकांना वाटतं, मी काहीतरी बोलत होतो. मी श्वास घेत होतो! लग्नाच्या फोटोत तर अंतरपाट खाली आल्या क्षणी मी असा आ वासून उभा आहे की बायको अजून टोमणा मारते, "मला बघून एवढा धक्का बसला होता का हो?"

नाकानं श्वास घेतात हे मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होतं. प्रत्यक्षात माझी एक नाकपुडी कायम बंद आणि दुसरी तिच्या सोबतीला बंद. सकाळी पाय जमिनीला लागायच्या आधी शिंकांची माळ लागायची. कचेरीत कुणी जुनं दप्तर उघडलं की शेजारचा कारकून माझ्याकडं बघून मोजायला लागायचा. आणि सल्ले! ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही, तोसुद्धा माझ्या नाकावर अधिकारवाणीनं बोलायचा. एकानं महाबळेश्वरला हवापालट सांगितला. भर पावसाळ्यात. तिथं भिंतीला बुरशी, गादीला बुरशी, उशीला बुरशी. खोलीत पाय टाकल्यापासून जो शिंकत सुटलो, तो केळघरचा घाट उतरून खाली येईपर्यंत थांबलो नाही. हॉटेलवाल्यानं निघताना विचारलं, "साहेब, हवा कशी वाटली?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, ते एका अर्थी त्याच्या नशिबानं.

साताऱ्यातच एका दवाखान्यात एकानं माझ्या नाकात बॅटरी मारली आणि जागेवरून न हलता निकाल दिला, "मांस वाढलंय. कापून टाकू. परत आयुष्यात सर्दी नाही."

आयुष्यात सर्दी नाही! हे ऐकून मी तिथल्या तिथं टेबलावर आडवा व्हायच्या बेतात होतो. बायकोनं बाही धरून बाहेर ओढलं. ती सांगलीची. जगातलं जे जे चांगलं ते सांगलीत मिळतं, यावर तिची श्रद्धा आहे आणि त्यावरून आमची भांडणं लग्नाइतकीच जुनी आहेत. पण दवाखान्यांच्या बाबतीत सांगली-मिरजेशी वाद घालण्यात अर्थ नसतो. गेलो सांगलीला, तिच्या माहेरच्यांच्या ओळखीच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडं. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो.

मॅडमनी कापायचं नावच काढलं नाही. फवारा दिला, गोळ्या दिल्या, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला शिकवलं आणि काही महिने थांबा म्हणाल्या. मला राग आला. इतक्या वर्षांचा रोग घेऊन सांगलीला यायचं आणि मीठ-पाणी घेऊन परत जायचं? पण धुतलं नाक. शिंका निम्म्यावर आल्या, हे खरं. नाक मात्र उघडलं नाही ते नाहीच. मग स्कॅन झाला आणि मॅडम म्हणाल्या, "आता ऑपरेशनचं बोलू."

'ऑपरेशन' हा शब्द आमच्या गावी पोचायला फोनसुद्धा लागत नाही. आमचं गाव आटपाडीच्या पुढं, माळावर. आज्ज्यापर्यंत मेंढरांमागं हिंडणारं घर. आता धाकट्या भावाचं डाळिंब आहे, आणि आईच्या हट्टापायी वाड्यात थोडी मेंढरं. पुढच्या भेटीला मॅडमच्या खोलीत मी, बायको, भाऊ आणि आई असे सगळे हजर. खुर्च्या दोनच होत्या. एकीवर आई बसली, दुसरीवर भाऊ. रुग्ण उभा.

मॅडमनी कागदावर माझी माहिती तपासता तपासता विचारलं, "सगळे आलेच आहात तर विचारते, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे? सारख्या शिंका, नाक चोंदणं, दमा?"

मी तोंड उघडणार (म्हणजे ते उघडंच होतं), तोवर आईनं ताबा घेतला. "न्हाई बाई. ह्याच्या बापाला न्हवतं. आज्ज्याला न्हवतं. चुलत्यास्नी न्हवतं. हा धाकटा बगा, धुरळ्यात लोळतोय, काय हुईत न्हाई. आमच्या घरान्यात समदी नाकं लोखंडाची. ह्योच एक शेंबडा निपजला." एवढं बोलून तिनं पदरानं नाक पुसलं आणि पदर पुन्हा कमरेला खोचला.

मॅडमनी लिहिलं, 'नाही.'

मग त्यांनी कपाटातून प्लास्टिकचं एक नाक काढलं. मधोमध चिरलेलं. भाऊ खुर्ची घेऊन पुढं सरकला. चिरलेल्या गोष्टींत त्याला गती आहे.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "नाकात दोन्ही बाजूंना अशा मांसाच्या वळकट्या असतात. हवा आत जाताना गरम करायची, ओलसर करायची, हे त्यांचं काम. ॲलर्जीनं त्या सुजतात. बहुतेकांची सूज औषधानं उतरते. यांची वर्षानुवर्षं राहून पक्की झालीय. वर मधला पडदा एका बाजूला वाकलाय."

"म्हंजे वाट मुळातच अरुंद, त्यात दोन्हीकडनं अतिक्रमण," भाऊ म्हणाला. ग्रामपंचायतीत आहे तो.

मॅडमना हे आवडलं असावं. "बरोबर. तर पडदा सरळ करू. या वळकट्या लहान करायला दोन-तीन रस्ते आहेत. सूज मऊ असली तर आत सुई घालून रेडिओ-लहरींनी आकसवता येतात, छोटं काम आहे. यांच्यात तेवढ्यानं भागायचं नाही. म्हणून वरची साल तशीच ठेवून आतलं मांस दुर्बिणीतून बघत थोडं कोरून काढायचं. नाकात द्राक्षासारखे फुगे वाढले असते तर तेही काढले असते, पण तसं काही दिसत नाही. आणि ज्यांचं नाक नळासारखं वाहतं, कशानंच थांबत नाही, अशा काही लोकांची मागची एक बारीक नस बंद करतात. यांना त्याची गरज नाही."

"मॅडम, मी काय म्हणतो," भाऊ खुर्चीच्या कडेवर आला, "एवढं उघडताय तर समदंच काढून टाका की. थोडं काढायचं, थोडं ठेवायचं, कशाला? मेंढरू कातरायला घेतलं की आमी निम्मं कातरून सोडत न्हाई."

"लोकर परत येते," मॅडम म्हणाल्या. "हे परत येत नाही. सगळं काढलं तर नाक कोरडं पडतं, आत खपल्या धरतात. आणि काही माणसांचं असं होतं, की नाक सताड उघडं, हवा जातेय, येतेय, पण श्वास घेतल्याचं कळतच नाही. जीव घाबरा होतो."

"आयला," भाऊ म्हणाला आणि खुर्ची मागं घेतली.

मला साताऱ्याचा तो बॅटरीवाला आठवला. कापून टाकू, आयुष्यात सर्दी नाही! त्याच्या टेबलावर मी आडवा व्हायच्या बेतात होतो. डोकं तापलं.

"आता नीट ऐका," मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशननं जागा होईल. ॲलर्जी जाणार नाही. धूळ नाकात गेली की शिंका येणारच. फवारा चालू राहील, नाक धुणं चालू राहील. फरक एवढाच, की औषध आत पोचेल आणि तुम्ही नाकानं श्वास घ्याल. कळलं?"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ऐकलं होतं, 'जागा होईल.' भावानं ऐकलं होतं, 'कोरून काढायचं.' आईनं काय ऐकलं होतं ते पुढं कळलं.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही, कारण मी झोपलो होतो आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणं भूल उतरताना घोरत होतो. शुद्धीवर आलो तर नाकात दोन्हीकडं बोळे. पाणी पिताना कानात दडे बसायचे. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा, "आता कसं वाटतंय?" नाक बांधलेल्या माणसाला कसं वाटणार? सासुरवाडीच्या लोकांवर ओरडता येत नाही, म्हणून मी उशीवर राग काढत होतो.

मग मॅडमनी बोळे काढले. आधी वाटलं, मेंदू ओढून काढतायत. नंतर त्या म्हणाल्या, "तोंड मिटा. घ्या श्वास."

तोंड मिटलं. घेतला.

हवा थंड असते, हे मला त्या दिवशी कळलं. आत जाताना ती वरपर्यंत थंड लागते. स्पिरिटचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास, खिडकीतून कुठूनतरी ओल्या मातीचा. मी रडलो. रडण्यानं नाक परत चोंदलं आणि मॅडम ओरडल्या, तो भाग सोडून द्या. पण आधी मला भयंकर राग आला. हे तुम्हा सगळ्यांना रोज मिळत होतं? फुकट? आणि वर मला म्हणत होता, नुसती सर्दी?

"काही आठवडे धूळ नाही, धूर नाही, गर्दी नाही," मॅडम म्हणाल्या. "नाक शिंकरायचं नाही. आतली जखम अजून ओली आहे."

असा मी सांगलीत मेव्हण्याच्या घरी नाक सांभाळत बसलेलो. तोंड मिटून बसण्याची सवय नसल्यानं आरशात अनोळखी माणूस दिसायचा. एक दिवस भावाचा फोन आला.

"दादा, ह्या रविवारी यायचं बरं का. आयनं समद्या पावन्यास्नी सांगितलंय."

"कशाला?"

"नवस फेडायचा हाय की. तुझ्या नाकाचा."

आमच्या बिरोबाला भंडारा लागतो. भंडारा म्हणजे हळदीची कोरडी पूड. नुसतं कपाळाला बोट टेकवून भागत नाही. मुठी भरभरून उधळायची, देऊळ, माणसं, मेंढरं सगळी एका रंगाची होईपर्यंत. आणि आईनं देवाला शब्द दिला होता, की लेकाचं नाक मोकळं होऊ दे, त्याला तुझ्या दारात बसवून पायलीभर भंडाऱ्यानं न्हाऊ घालीन.

परत एकदा सांगतो, कारण मला स्वतःला ते नीट समजून घ्यायला वेळ लागला. धुळीच्या त्रासापायी ज्याचं नाक आतून कोरून काढलंय, त्या माणसाला, जखम ओली असताना, पायलीभर पुडीनं आंघोळ घालायची. कशाबद्दल? तर नाक मोकळं झालं म्हणून!

मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"कोरडी हळद?" त्या म्हणाल्या.

"कोरडी."

"डोक्यावरून?"

"पायलीभर."

"तुमच्या नाकावर मी मेहनत केलीय ती यासाठी नाही," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी आईला लावला. "आये, मॅडम न्हाई म्हनल्यात."

"तुझी मॅडम काय देवाच्या वर हाय?"

"नाकापुरती हाय."

"गप. भंडारा बादतो व्हय कुनाला? जखमंवर हळदच दाबत्यात की. तुझा गुडगा फुटला तवा मीच दाबली हुती."

"दाबत्यात आये, नाकात उधळत न्हाईत!"

"मी शबूद दिलाय देवाला."

"मला इचारून दिलास का?"

"तू जल्माला यावास म्हनून बी नवस बोलले हुते," आई म्हणाली. "तवा कुटं तुला इचारलं हुतं?"

मी ओरडलो. भरपूर ओरडलो. ओरडल्यानं नाकातून रक्ताचा एक थेंब आला, तो बघून बायको माझ्यावर ओरडली. आईनं फोन ठेवला तो परत उचलला नाही. भाऊ मधल्यामध्ये तोडगे सुचवत बसला. मास्क घाल. हेल्मेट घाल. "दादा, पोत्यानं तोंड बांदू, मागनं भोक ठेवू."

शेवटी बायको म्हणाली, "अहो, जा. गाडीत बसा, काचा वर करून. देवाला काय, काचेतनं दिसत नाही का तुम्ही?"

म्हणून त्या रविवारी, पिकल्या केसांचा एक सरकारी नोकर माळावरच्या देवळासमोर बाभळीखाली गाडीत, काचा वर करून, तोंडाला मास्क आणि त्यावर ओला पंचा गुंडाळून बसला होता. एसी लावला की आतली धूळ उडायची म्हणून तोही बंद. घामानं निथळत होतो. येणारा जाणारा पावणा काचेवर टकटक करायचा. एक म्हातारे चुलते तर काचेला नाक लावूनच उभे राहिले.

"भाईर ये की रं गड्या. देवाचं दर्शन काय काचंतनं घेतूस?"

मी आतून हात जोडले. त्यांना वाटलं, त्यांनाच जोडले. "असूं दे, असूं दे," म्हणत ते गेले.

देवळाच्या दारात पाट मांडला होता. माझा. पायलीभर भंडारा भरलेली पाटी बाजूला. पावणे गोळा झाले, ढोल लागला आणि सगळे गाडीकडं बघायला लागले. मी मान हलवली, नाही. आई उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदर डोक्यावर घेतला आणि जाऊन त्या पाटावर माझ्या जागी बसली.

"बिरोबाच्या नावानं..."

"चांगभलं!"

पहिली मूठ पडली. दुसरी पडली. मग सगळ्यांनीच हात घातले. आई दिसेनाशी झाली. पिवळ्या ढगात फक्त ढोल ऐकू येत होता. ढग थोडा खाली बसला तेव्हा ती शिंकत होती. एक, मग दुसरी, मग मोजता येईना. अंग गदागदा हलत होतं. पावणे हसत होते, "म्हातारीच्या अंगात आलं!" असं कुणीतरी म्हणालं. शिंका थांबल्या तेव्हा तिनं पदरानं नाक पुसलं आणि मान वर केली. तोंड उघडं होतं. आ वासून, खांदे उचलून, ती हवा ओढत होती.

ते तोंड मी ओळखलं. माझ्या लग्नाच्या फोटोतलं.

आणि मग एकामागून एक सगळं आठवायला लागलं. चुलीपुढं बसलेली, तोंड उघडं. कळपात उभी, तोंड उघडं. कायम खोचलेला, कायम ओला पदर. "आयचं घोरनं ऐकून लांडगा येत न्हाई," असं म्हणत आम्ही भाऊ लहानपणी हसायचो. इतकी वर्षं त्या घरात दोन बंद नाकं होती. एकाला डॉक्टर, स्कॅन, दुर्बीण, नवस. दुसऱ्यासाठी? आमटीची फोडणी करपली की "वास येत न्हाई का तुला?" म्हणून वडील ताट सारायचे. नव्हताच येत तिला!

मी गाडीचं दार उघडून बाहेर पडलो. पंचा दाबून धरला आणि गर्दीत घुसलो. लोकांना वाटलं, नवसाला आला. कुणीतरी माझ्याही डोक्यावर मूठ टाकली. त्याचा हात मी झटकला, आईचा दंड धरला आणि तिला ओढत बाभळीपर्यंत आणलं.

"आये, तुला हे कवापासनं हाय?"

"काय?"

"हे! नाक!"

"हां, ते व्हय," ती म्हणाली, दम खात. "ते हायच की. लगीन हुन आले तवाबी हुतंच. सासू शेंबडीच म्हनायची मला."

"मग मॅडमनी इचारलं तवा न्हाई का म्हनालीस? घरात कुनाला हाय का, असं सरळ इचारलं हुतं त्यांनी!"

आईनं माझ्याकडं बघितलं. भुवयांवर भंडाऱ्याचे थर बसले होते. खरोखर काय चुकलं, ते तिला कळत नव्हतं.

"घरान्याचं इचारलं त्यांनी," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं सांगितलं, आज्ज्याचं सांगितलं. आनी कुनाचं सांगायचं? बायकांचं कोन इचारतंय?"

भाऊ मागं येऊन उभा राहिला होता. मी त्याच्यावरच ओरडलो. कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं. मग मी शिंकायला लागलो. अशा शिंका की जखमेची भीती वाटून बायकोनं मला मागनं धरून गाडीत ढकललं.

जखम वाचली. मॅडमनी तपासून सांगितलं, पण सांगताना माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की सरकारी नोकरीतले सगळे मेमो त्यापुढं सौम्य. मी त्यांना म्हटलं, "माझं राहू द्या. माझ्या कागदावर 'नाही' लिहिलंय तिथं 'हो' लिहा. आणि नवीन पेशंट घ्या." दारात आई उभी होती. नवं लुगडं नेसून आली होती, कारण तिच्या मनानं तिचंही ऑपरेशन ठरलं होतं.

मॅडमनी तिच्या नाकात बारीक दुर्बीण घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. आई स्वतःच्या नाकाकडं टक लावून बघत होती.

"आजी, सूज खूप आहे. पण औषधाला साथ देईल असं वाटतंय. आधी फवारा आणि धुणं. तुमचं वय आहे, रक्तदाब आहे, त्यामुळं ऑपरेशनची घाई करायची नाही. नाहीच उतरलं तर बघू."

आईचं तोंड पडलं. "ह्याला दुर्बीन लावून कापलं, आनी मला फवारा?"

"आत्याबाई, बरं आहे की, कापायचं वाचलं," बायको म्हणाली.

"तू गप. ह्याचं नाक तेवडं नाक."

सांगलीहून आटपाडीपर्यंत ती रुसून बसली होती. पण घरी गेल्यावर तिनं हिसका दाखवायला नाक धुतलं, आणि असं धुतलं की मी बघत राहिलो. मी महिनाभर ठसकत होतो. पाणी घशात, पाणी कानात. आईनं मान तिरकी केली, एका नाकपुडीत पाणी सोडलं, दुसरीतून धार काढली. "मेंढरास्नी बांबूच्या नाळक्यानं औशीद पाजून जल्म गेला माजा," ती म्हणाली. "ह्यात काय हाय?"

मी माझ्या नाकानं साताऱ्यात परत आलो. श्वास घेतो. झोपताना तोंड मिटतं. पहिल्या आठवड्यात बायकोनं दोनदा घाबरून माझ्या छातीवर हात ठेवून बघितलं. वारं सुटलं की शिंका येतातच. फवारा आहे, गोळी आहे. कचेरीत लोक विचारतात, "मग ऑपरेशनचा उपयोग काय झाला?" त्यांना मी अजिंक्यताऱ्याचा रस्ता दाखवतो.

थंडी सुरू झाल्यावर गावी गेलो. आई ओसरीत बसली होती. तोंड मिटलेलं. ते बघून मला आधी ती आजारीच वाटली. तिच्या मांडीवर भंडाऱ्याची पिशवी होती. आमच्या घरात ती कायम दाराशी खुंटीला असते. कुणी आलं, कुणी निघालं, की आईच भंडारा लावते. लग्न होऊन आल्या दिवसापासून तीच लावते. तिनं पिशवीचं तोंड सोडलं, मला जवळ बोलावलं आणि कपाळाला बोट टेकवण्याऐवजी पिशवीच उचलून स्वतःच्या नाकाजवळ नेली.

"भंडाऱ्याला वास असतोय व्हय रं?"

मी अजून कपाळ पुढं करून उभा होतो.

"असतोय की न्हाई?"

"असतोय, आये."

"आनी तुमास्नी समद्यास्नी येत हुता?"

"व्हय."

"मग कुनी कवा बोलला कसं न्हाईसा?"

वडील असते तर त्यांच्यावर ओरडलो असतो. भाऊ शेतात होता. आईनं परत पिशवी नाकाशी नेली, खोल श्वास घेतला आणि जोरात शिंकली. मग दुसरी शिंक. मी पिशवी ओढली. "दे हिकडं! मॅडमनी काय सांगितलंय? वास आला म्हंजे रोग गेला न्हवं! किती वेळा सांगायचं?" ओसरी हादरेल इतक्या मोठ्यानं ओरडलो. मेंढरं दचकली.

आईनं पदरानं नाक पुसलं आणि हात पुढं केला.

"हां, हां. वरड मग," ती म्हणाली. "आन ती पिशवी. अजून एकदा."